पारिपार्श्विक

संस्कृत नाटकाच्या प्रस्तावनेत सूत्रधाराच्या शेजारी कधी नटी असते, कधी विदूषक, तर कधी पारिपार्श्विक. पहिल्या दोघांविषयी आपण वर्गात बरेच बोलतो. पारिपार्श्विकाच्या वाट्याला मात्र एखादे वाक्य येते : सूत्रधाराचा सहायक, त्याच्या बाजूला उभा राहणारा. परीक्षेत त्याच्यावर टीपसुद्धा विचारली जात नाही. भरताने त्याचे जे लक्षण सांगितले आहे, ते मात्र मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे. सूत्रधाराच्या अंगी जे गुण हवेत तेच याच्याही अंगी हवेत, फक्त किंचित उणे. हे 'किंचित' कोणी मोजायचे आणि ते आयुष्यभर किंचितच राहावे याची व्यवस्था कोणी करायची, याविषयी शास्त्रात काही नाही.

हे सगळे मला आठवले ते बास्केटबॉलमुळे, आणि बास्केटबॉल माझ्या आयुष्यात आला तो भाच्यामुळे. माझी बहीण गेली वीस-बावीस वर्षे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, रॅलेजवळच्या केरी या गावी राहते. त्या गावात मराठी माणसांची वस्ती एवढी आहे की गणपतीत मोदकांची ददात पडत नाही. भाचा तिथलाच वाढलेला. जवळच्याच चॅपेल हिलच्या विद्यापीठात तो शिकत होता. २०२३ च्या उन्हाळी सुटीत मी पाच आठवडे त्यांच्याकडे होते. मार्च-एप्रिलमधले सामने केव्हाच संपले होते, पण भाच्याच्या संगणकात जुने सामने साठवलेले होते, आणि आपल्याकडे घरातली मुले पाहुण्यांना लग्नाचे अल्बम दाखवतात त्या उत्साहाने तो मला ते दाखवत असे. त्यातले दोन सामने मी त्यानंतर इकडे येऊनही अनेकदा पाहिले. ते दोन्ही २०१२ सालचे आहेत, आणि त्यांचा नायक (हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे) स्टिलमन व्हाइट नावाचा एक राखीव पॉइंट गार्ड आहे.

खेळाशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. बास्केटबॉलच्या पाच खेळाडूंपैकी पॉइंट गार्ड हा बहुधा सर्वांत बुटका. आपल्या बाजूकडून चेंडू टपटपवत पुढे आणणे, दहा सेकंदांच्या आत मध्यरेषा ओलांडणे, प्रशिक्षकाने बाहेरून केलेली खूण चौघांपर्यंत पोचवणे, आणि ज्याला जिथे चेंडू हवा त्याला तो तिथे, तो तिथे पोचायच्या क्षणी देणे, हे त्याचे काम. त्याने दिलेल्या चेंडूवर दुसऱ्याने लगेच गुण मिळवला तर पहिल्याच्या खात्यात एक 'असिस्ट' लिहिला जातो. चेंडू प्रतिपक्षाच्या हाती गेला तर 'टर्नओव्हर'. म्हणजे ज्याचा सगळा जमाखर्च इतरांच्या नावावर घडणाऱ्या गोष्टींत मांडला जातो, असा हा माणूस. सूत्रधार म्हणायला हरकत नाही.

२०११-१२ च्या मोसमात नॉर्थ कॅरोलायनाचा सूत्रधार होता केंडल मार्शल. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, डावखुरा, धावण्यात सामान्य, उडी मारण्यात त्याहून सामान्य. परंतु त्याला मैदान जसे दिसत असे तसे ते इतर कोणालाही दिसत नसे. त्या मोसमात त्याने ३५१ असिस्ट केले. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या इतिहासात एका मोसमात इतके कोणी केले नव्हते. प्रशिक्षक रॉय विल्यम्स यांची खेळाची पद्धत वेगावर उभी होती. चेंडू हाती येताच पळत सुटायचे, आणि पहिला हल्ला फसला तर न थांबता, प्रतिपक्ष सावरण्याच्या आत दुसरा करायचा. अशा पद्धतीत पॉइंट गार्डला विचार करायला वेळ मिळत नाही. त्याचा विचार आधीच झालेला असावा लागतो. मार्शलचा तो झालेला असे.

आता या मार्शलच्या मागे कोण होते? खरा विषय इथून सुरू होतो.

आधी लॅरी ड्रू होता. किंबहुना पुढे तोच होता आणि मागे मार्शल. जानेवारी २०११ मध्ये विल्यम्स यांनी ही अदलाबदल केली, आणि दोन-तीन आठवड्यांतच, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, मोसम ऐन भरात असताना ड्रू संघ सोडून गेला. त्यानंतरच्या पहिल्याच सामन्यात मार्शलने फ्लोरिडा स्टेटविरुद्ध सोळा असिस्ट केले, तेव्हा कोणाला ड्रूची उणीव भासली नाही. उरला डेक्स्टर स्ट्रिकलंड. तो मूळचा दुसऱ्या जागेचा, पण मार्शलला श्वास घ्यायला बाहेर बसवायचे तेव्हा सूत्रे त्याच्याकडे येत. १९ जानेवारी २०१२ रोजी व्हर्जिनिया टेकविरुद्ध त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला आणि त्याचा मोसम संपला. लेस्ली मॅक्डॉनल्ड हा आणखी एक गार्ड त्याआधीच्या उन्हाळ्यात गुडघ्याच्याच दुखापतीने बाहेर झाला होता. उरले दोघे. जस्टिन वॉट्स, शेवटच्या वर्षाचा, पॉइंट गार्ड नसलेला पण सांगाल तिथे उभा राहणारा; आणि स्टिलमन व्हाइट, पहिल्या वर्षाचा, त्याच राज्यातल्या विल्मिंग्टनचा, ड्रू गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागेवर आलेला. व्हाइट 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' या पंथाचा. एक वर्ष खेळून पुढची दोन वर्षे तो धर्मप्रचारासाठी जाणार हे आधीपासून ठरलेले होते. म्हणजे राखीव खेळाडू, आणि तोही मुदतीचा. बहुतेक सामन्यांत त्याला मोजकी काही मिनिटे मिळत, तीही निकाल लागून गेल्यावरची.

१८ मार्च २०१२. राष्ट्रीय स्पर्धेत ग्रीन्सबरो येथे क्रेटनविरुद्ध सामना. दुसऱ्या अर्धात टोपलीकडे झेपावताना धक्का लागून मार्शल उजव्या हातावर पडला. त्यानंतरही तो काही वेळ खेळत राहिला. सामना ८७-७३ असा जिंकला, त्याचे १८ गुण आणि ११ असिस्ट झाले, आणि मग कळले की मनगटाचे हाड मोडले आहे. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया. पुढचा सामना पाच दिवसांवर.

त्या वेळी भाचा नऊ वर्षांचा होता. आपण रात्री जेवलो नव्हतो असे तो सांगतो. ("मावशी, तुला नाही कळणार, ते गणपती बुडवताना मूर्ती हातातून निसटावी तसं होतं." ही उपमा त्याला नवव्या वर्षी सुचलेली नसणार, पण असो.)

२३ मार्चला सेंट लुइसमध्ये ओहायोविरुद्ध व्हाइट पहिल्या पाचांत उतरला. ओहायो म्हणजे प्रसिद्ध ओहायो स्टेट नव्हे. अथेन्स या गावचे विद्यापीठ, गटात तेरावे मानांकन असलेले. नॉर्थ कॅरोलायनाचे मानांकन पहिले. पण सामना पाहताना हे कोणालाही ओळखता आले नसते. शेवटची पंचवीस-सव्वीस सेकंद उरली असताना ओहायोच्या वॉल्टर ऑफटने एक फ्री थ्रो चुकवला, नाहीतर व्हाइटची गोष्ट तिथेच संपली असती. ६३-६३ अशी बरोबरी झाली, जादा वेळ मिळाला आणि नॉर्थ कॅरोलायनाने सामना ७३-६५ असा जिंकला. टायलर झेलर या उंच खेळाडूने २० गुण मिळवले आणि २२ वेळा परतलेला चेंडू पकडला; सामना खरे तर त्याने खांद्यावर वाहून नेला.

आणि व्हाइट? बत्तीस मिनिटे खेळला. दोन गुण, सहा असिस्ट, शून्य टर्नओव्हर.

शून्य! पाच दिवसांपूर्वी ज्याला मैदानात उतरवायलाही कोणी धजावले नसते त्या मुलाने बत्तीस मिनिटे चेंडू हाताळला आणि तो एकदाही गमावला नाही. वर्तमानपत्री बाण्याने लिहायचे तर 'राखीव खेळाडूने संधीचे सोने केले' असा मथळा देऊन मोकळे होता येईल. पण त्या सामन्याच्या गुणतक्त्यात आणखी एक आकडा आहे, आणि त्याच्यापाशी मी पुन्हा पुन्हा अडखळते. नॉर्थ कॅरोलायनाच्या संघाचे एकूण टर्नओव्हर होते चोवीस. ज्याच्या हातून चेंडू जाईल अशी सर्वांना धास्ती होती त्याच्या हातून तो एकदाही गेला नाही, आणि ज्यांच्याविषयी कोणालाही शंका नव्हती त्या इतरांच्या हातून तो चोवीस वेळा गेला.

हे कसे होते? मी तज्ज्ञ नाही; पण मजकूर वाचण्याचे थोडे शिक्षण मला मिळालेले आहे आणि मी तो सामना मजकुरासारखाच वाचला. व्हाइट चेंडू देतो तो बरोबर माणसाला देतो. मात्र तो मिळाल्यावर त्या माणसाला क्षणभर थांबावे लागते, पाय सावरावे लागतात, मान वर करावी लागते. मार्शलचा चेंडू आला की हे काही करावे लागत नसे. तो यायचा तोच गुण मिळवण्याच्या तयारीत. घेणाऱ्याने फक्त ते वाक्य पूर्ण करायचे. हॅरिसन बार्न्स हा त्या वेळचा संघातला सर्वांत नावाजलेला खेळाडू. मार्शलशिवायच्या या दोन सामन्यांत त्याचा नेम सारखा चुकताना दिसतो. जो फटका त्याला पूर्वी तयार मिळे तो आता त्याला स्वतः घडवावा लागत होता. मुख्य माणूस गेल्याची खूण त्याच्या जागेवर आलेल्या माणसाच्या कामात दिसत नाही; ती शेजारच्यांच्या कामात दिसते. जागेवर आलेला निर्दोष असतो. बिघडलेले असतात ते इतर, आणि ते का बिघडले हे त्यांचे त्यांनाही सांगता येत नाही.

इथे मला माझे स्वतःचे थोडे सांगणे भाग आहे. पूर्णवेळ पद मिळण्यापूर्वी मी नऊ वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले. या व्यवस्थेची माहिती या पानांच्या वाचकांना देण्याची गरज नाही. अनेकांनी ती भोगलेली आहे, काही अजून भोगत आहेत. दर वर्षी नव्याने मुलाखत, तासांवर मानधन, तेही महिनोन् महिने थकलेले, आणि परीक्षा सुरू झाल्या की आपण कोणीच नाही. यांपैकी पाचव्या वर्षी, एका महाविद्यालयात, एम.ए.ला साहित्यशास्त्र शिकवणारे सर डिसेंबरात अचानक दीर्घ रजेवर गेले. शुक्रवारी मला निरोप मिळाला आणि सोमवारी मी त्यांच्या वर्गात उभी होते. रस, ध्वनी, वक्रोक्ती. अभ्यासक्रम मी वेळेत संपवला. एकही तास बुडाला नाही, एकही चुकीचे विधान केले नाही, मुले चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. प्राचार्यांनी तोंडी कौतुक केले. लेखी काही दिले नाही, कारण लेखी दिले की ते पुढच्या मुलाखतीत दाखवता येते.

पण त्या वर्गात पूर्वी दोन मुली होत्या, ज्या सरांशी वाद घालत. अभिनवगुप्ताशी असहमत होण्याचे धाडस करणाऱ्या मुली. मागच्या बाकावर बसून मी ते वाद ऐकलेले होते. माझ्या तासांना त्या नियमित आल्या, व्यवस्थित उतरवून घेतले, आणि एकदाही बोलल्या नाहीत. माझे काही चुकत नव्हते. सरांच्या वाक्यांत जी एक जागा मोकळी सुटत असे, मुलांनी उडी घ्यावी म्हणून सोडलेली, ती सोडायला पायाखालची जमीन आपली असावी लागते. जूनमध्ये आपण असणार आहोत की नाही हे ज्याला ठाऊक नाही तो जागा सोडत नाही, तो भरतो. व्हाइटचे शून्य टर्नओव्हर पाहताना मला हे सारखे जाणवत होते. जिला चूक परवडत नाही अशा व्यक्तीचा तो आकडा आहे. मार्शलच्या नावावर त्या मोसमात टर्नओव्हर भरपूर होते. त्याला ते परवडत होते.

२५ मार्चला कॅन्सासविरुद्ध व्हाइट पुन्हा अठ्ठावीस मिनिटे खेळला. चार गुण, सात असिस्ट आणि पुन्हा शून्य टर्नओव्हर. (हेच रॉय विल्यम्स पंधरा वर्षे कॅन्सासचे प्रशिक्षक होते, नाटककाराने असे योजले असते तर आपण त्याला योगायोगाबद्दल नावे ठेवली असती.) मध्यंतराला ४७-४७ अशी बरोबरी होती. मग कॅन्सासचे प्रशिक्षक बिल सेल्फ यांनी बचावाची रचना बदलली : तिघांनी टोपलीजवळ त्रिकोण करून जागा राखायची आणि उरलेल्या दोघांनी प्रतिपक्षाच्या निवडक दोघांना चिकटून राहायचे. म्हणजे काही खेळाडू मुद्दाम मोकळे सोडायचे. समोरच्या संघात कोणापासून भीती नाही, हे त्याला जाहीरपणे सांगण्याचा हा प्रकार आहे. या कोड्यातून चौघांना वाट काढून देणारा माणूस मनगटाला आधार बांधून बाकावर बसलेला होता. शेवटची जवळजवळ चार मिनिटे नॉर्थ कॅरोलायनाला एकही गुण मिळाला नाही. सामना ८०-६७.

दोन सामने, साठ मिनिटे, तेरा असिस्ट, एकही चूक नाही. आणि पराभव.

भाच्याचे म्हणणे असे की विल्यम्स यांनी राखीव पॉइंट गार्डचा बंदोबस्त आधीच नीट करायला हवा होता. त्या रात्रीपासून गावातल्या प्रत्येकाचे हेच म्हणणे आहे. पण बंदोबस्त म्हणजे काय? त्या काळी पुरुषांच्या संघाला तेरा शिष्यवृत्त्या देता येत, आणि मैदानावरची मिनिटे चाळीसच. जो पोरगा मार्शलइतका नाही पण किंचितच उणा आहे, तो तेहेतीस मिनिटे दुसऱ्याचा खेळ बघायला का येईल? आणि जो येईल तो बहुधा किंचितहून अधिक उणा असेल. उत्तम राखीव खेळाडू हवा असणे म्हणजे, जो अन्यत्र मुख्य होऊ शकतो अशा माणसाने इथे गौण राहावे, अशी इच्छा धरणे. ड्रूने ही इच्छा मानली नाही. तो लॉस एंजेलिसला, यूसीएलएमध्ये गेला. तेव्हाच्या नियमानुसार एक संपूर्ण मोसम त्याला बाहेर बसावे लागले, म्हणजे ज्या मार्चमध्ये चॅपेल हिलला त्याची गरज होती त्या मार्चमध्ये तो देशाच्या दुसऱ्या टोकाला नुसता सराव करत होता. पुढच्या मोसमात, २०१२-१३ मध्ये, त्याने तिथे २५६ असिस्ट करून त्या विद्यापीठाचा विक्रम मोडला. 'किंचित उणा' हा शिक्का असा पत्ता बदलल्यावर पुसला गेला.

याच्या उलटही घडते, हे नोंदवले पाहिजे. ८ एप्रिल २०१३ रोजी अटलांटातल्या अंतिम सामन्यात मिशिगनचा ट्रे बर्क दोन फाउलांमुळे बाकावर बसला आणि त्याच्या जागी आलेल्या स्पाइक आल्ब्रेक्टने पहिल्या अर्धात सतरा गुण केले. मोसमभर सामन्याला दोन गुणांचीही सरासरी नसलेला मुलगा! त्याला गमावण्यासारखे काही नव्हते, म्हणून तो पारिपार्श्विकासारखा न खेळता थेट नायकासारखा खेळला. दुसऱ्या अर्धात त्याला एकही गुण मिळाला नाही आणि लुइव्हिल ८२-७६ असे जिंकले. लुइव्हिलचे ते विजेतेपदही २०१८ मध्ये नियमभंगामुळे काढून घेण्यात आले; आल्ब्रेक्टचे सतरा गुण मात्र आहेत तिथे आहेत. मला तो अर्धा सामना आवडतो. पण त्यात मला माझे काही सापडत नाही.

आता ही सगळी व्यवस्थाच बदलली आहे. २०१८ मध्ये 'ट्रान्सफर पोर्टल' सुरू झाले. २०२१ पासून एकदा, आणि २०२४ पासून कितीही वेळा, बाहेर न बसता विद्यापीठ बदलता येते. २०२१ पासूनच खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवण्याची मुभा आहे. परिणामी दर वसंतात निम्मा बाक रिकामा होतो आणि राखीव पॉइंट गार्ड कोण, या प्रश्नाचा अर्थ 'कोण थांबले आहे' असा न राहता 'कोण मिळेल' असा झाला आहे. निष्ठा उरली नाही, अशी हळहळ भाचा आणि त्याचे मित्र विशीतच म्हाताऱ्यांसारखी व्यक्त करतात. मी त्यात सामील होऊ शकले नाही. ज्यांनी कधी बाकावर बसून मोसम काढलेला नाही तेच थांबण्याला निष्ठा म्हणतात, असे माझे स्पष्ट मत आहे. नऊ वर्षांच्या माझ्या निष्ठेत पर्याय नसण्याचा वाटा किती होता, ते मला चांगले ठाऊक आहे. "मग व्हाइट?" असे त्याने विचारले. "तो तर थांबला ना?"

तो प्रश्न योग्य होता. व्हाइट कॅन्सासच्या सामन्यानंतर ठरल्याप्रमाणे दोन वर्षे धर्मकार्याला निघून गेला. तो परत येईपर्यंत त्याच्या जागेवर मार्कस पेज स्थिरावला होता, पाठोपाठ नेट ब्रिट आला होता, आणि व्हाइट परतला त्याच वर्षी, २०१४ मध्ये, जोएल बेरीही आला. दोन वर्षांपूर्वी जो बाकावर शेवटचा उरलेला होता तो आता रांगेत चौथा. तरीही तो तिथेच राहिला, आणखी तीन मोसम, मोजकी मिनिटे खेळत. त्याला जाता आले असते की नाही, त्याने तसा विचार केला की नाही, हे गुणतक्त्यांवरून कळायला मार्ग नाही. आणि कादंबरीतल्या पात्राच्या मनात शिरतात तसे जिवंत माणसाच्या मनात शिरू नये, इतके पथ्य मी पाळते.

३ एप्रिल २०१७ रोजी ॲरिझोनातल्या ग्लेनडेल येथे नॉर्थ कॅरोलायनाने गोन्झागाला ७१-६५ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. बेरी दुखऱ्या घोट्यांनी खेळला, त्याने बावीस गुण केले आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला. सामन्याआधीच्या आठवड्यात सगळ्या गावाला एकच काळजी होती, भाचा सांगतो : बेरीचा पाय टिकला नाही तर कोण? उत्तरादाखल घेतल्या जाणाऱ्या नावांत एक नाव व्हाइटचे होते.